विजेच्या मोठ्या वाहिन्यांची वहनशक्ति व स्थैर्य

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या तोंडीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. ती अशी कीं, कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी आमच्या इरई नदीचें, धूर व राख आमच्याच वांट्यास. आणि त्यापासून निघालेली वीज मात्र आमच्या बांध्यांवरून थेट मुंबईकडे निघून जाते. उन्हाळी धान निसवण्याच्या ऐन वेळीं आमचा पंप घरघर करून बंद पडतो, तेव्हां डोक्यावरच्या तारांकडे पाहून मनास वाईट वाटतें. ही तक्रार रास्त आहे. परंतु तिचें खरें कारण न समजल्यामुळें आपण मागणी भलत्याच ठिकाणीं करतों, व म्हणून ती फळास येत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

आम्ही विजेच्या खात्यांतले नव्हे. आमची नोकरी सात-बारा, फेरफार व आणेवारी यांच्या दप्तरांत गेली. तथापि हा विषय वाटतो तितका अवघड नाहीं. ज्यास पाटाच्या पाण्याचा हिशेब कळतो व गुणाकार-भागाकार येतो, त्यास वाहिनीची शक्ति किती व ती कोठें संपते हें समजण्यास अडचण पडूं नये. यास्तव या अंकीं तो विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

विजेचें माप व आपलें वीजघर

मोठ्या विजेचें माप मेगावॉट हें होय. एका मेगावॉटवर पांच अश्वशक्तीचे सुमारें दोनशें ते सव्वादोनशें पंप एकाच वेळीं चालतात, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागांतील ऊर्जानगर येथील औष्णिक वीजघराचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. तो २१० मेगावॉटचा होता. पुढें १९९७ पर्यंत सात संच होऊन एकंदर शक्ति २३४० मेगावॉट झाली. २०१६ सालीं पांच-पांचशें मेगावॉटचे आणखी दोन संच आले, पहिले दोन जुने संच मोडींत निघाले, व आतां या वीजघराची शक्ति २९२० मेगावॉट आहे. म्हणजे सहा लाखांच्या आसपास पंप चालवील एवढी वीज एका ठिकाणीं निर्माण होते. एवढी वीज एका ठिकाणीं वापरली जाणें शक्य नाहीं. ती दूर न्यावीच लागते. सबब प्रश्न उरतो तो हा कीं, एका वाहिनीवरून किती वीज नेतां येते?

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, तार जाड असली म्हणजे वीज वाटेल तितकी जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. वाहिनीस तीन प्रकारच्या मर्यादा असतात: पहिली उष्णतेची, दुसरी दाबाची व तिसरी तोलाची. जवळच्या वाहिनीस पहिली मर्यादा आधीं आडवी येते, मध्यम लांबीच्या वाहिनीस दुसरी, व फार लांबच्या वाहिनीस तिसरी.

पहिली मर्यादा: उष्णता

तारेंतून प्रवाह गेला कीं ती तापते. तापली कीं लांबते, व लांबली कीं दोन मनोऱ्यांमध्यें खालीं झोळ देते. आमच्याकडे वैशाखांत हवाच ४५ अंशांच्या वर जाते; तेव्हां तारेस थंड होण्यास वाव कमी राहतो व तिच्यावरून न्यावयाची वीजहि त्या मानानें कमी धरावी लागते. याच कारणास्तव वाहिनीखालीं धानाचें पुंजणें रचणें, बांबूचें बेट वाढूं देणें किंवा उंच गाडा भरून नेणें धोक्याचें असतें. हिवाळ्यांत तार हाताच्या बऱ्याच वर दिसते, म्हणून उन्हाळ्यांतहि ती तितकीच वर राहील असें कोणींहि समजूं नये.

सुमारें ८० किलोमीटरपर्यंतच्या वाहिनीस ही उष्णतेचीच मर्यादा लागू पडते. त्याहून लांब वाहिनीवर तार तापण्यापूर्वींच दुसऱ्या अडचणी उभ्या राहतात.

दुसरी मर्यादा: दाब

आसोलामेंढा तलावाचें अगर आपल्या गांवच्या मालगुजारी तलावाचें पाणी पाटानें सुटतें, तेव्हां मुखाजवळच्या बांधीस तें भरपूर मिळतें व शेवटच्या बांधीस पोंचेपर्यंत त्याचा जोर कमी होतो. विजेचेंहि तसेंच आहे. पाण्याच्या उंचीस जें स्थान, तेंच विजेंत दाबास, म्हणजे व्होल्टेजला असतें. हजार व्होल्ट म्हणजे एक किलोव्होल्ट. तार जसजशी लांब होते, तसतसा दाब उतरतो.

परंतु येथें एक गोष्ट पाण्याहून वेगळी आहे. आपल्याकडील वीज एका दिशेनें वाहत नाहीं. ती एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें-मागें होते. या सतत बदलणाऱ्या प्रवाहामुळें तारेभोंवतीं चुंबकी प्रभाव उत्पन्न होतो, व तो प्रभाव प्रत्येक बदलास विरोध करतो. तारेच्या धातूचा स्वतःचा रोध असतोच. पण मोठ्या वाहिनींत या चुंबकी विरोधाचें मान धातूच्या रोधाच्या दहापट किंवा त्याहूनहि अधिक असतें. यास आम्ही येथें 'अडवणूक' म्हणूं. जाड तार घातल्यानें धातूचा रोध कमी होतो. अडवणूक मात्र फारशी कमी होत नाहीं. ती मुख्यतः लांबीवर अवलंबून असते. लांबी दुप्पट तर अडवणूक दुप्पट, हा तिचा नियम आहे.

ही अडवणूक जिंकण्याचा मार्ग म्हणजे दाब वाढविणें. दाब दुप्पट केल्यास वहनशक्ति चौपट होते. यामुळेंच लांबच्या वाहिन्या १३२, २२०, ४०० व आतां ७६५ किलोव्होल्टच्या बांधल्या जातात. अभियंते प्रत्येक वाहिनीचा एक स्वाभाविक भार धरतात. म्हणजे असा भार, कीं तो वाहून नेतांना वाहिनीचा दाब दोन्ही टोंकांस जवळजवळ सारखा राहतो. आपल्या देशांतील नेहमींच्या बांधणीप्रमाणें हा भार १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीस सुमारें ५०, २२० च्या वाहिनीस सुमारें १३०, ४०० च्या वाहिनीस सुमारें ५१५, व ७६५ च्या वाहिनीस सुमारें २२०० मेगावॉट धरतात. अमेरिकेंतील सेंट क्लेअर नांवाच्या अभियंत्यानें १९५३ सालीं असें दाखविलें कीं, वाहिनी ८० किलोमीटरची असेल तर या स्वाभाविक भाराच्या तिप्पट वीज नेतां येते, ४८० किलोमीटरची असेल तर साधारण एकपटच, व त्याहून लांब असेल तर त्याहूनहि कमी. तार तीच, मनोरे तेच. केवळ अंतर वाढल्यानें शक्ति तिसऱ्या हिश्श्यावर येते.

तिसरी मर्यादा: तोल

आतां जी मर्यादा सांगावयाची ती सर्वांत महत्त्वाची आहे, व सामान्य वाचकांस ती कोणीं सांगितलेली नसते.

खळ्यावर मळणीची पात धरलेली वाचकांनीं पाहिली असेल. मेढीभोंवतीं बैल एका दोरानें एकमेकांस जोडलेले असतात. सर्वांस फेरा एकाच वेळांत पुरा करावा लागतो. एखादा बैल मागें रेंगाळला कीं दोर ताणला जातो व पुढचे बैल त्यास ओढून घेतात. पण तो अगदींच बसला, तर दोर तुटतो अगर सारी पातच विस्कटते. देशांतील सर्व वीजघरांचीं यंत्रें अशाच एका पातेंत जुंपलेलीं आहेत. चंद्रपूरचें यंत्र, कोयनेचें यंत्र, कोरबाचें यंत्र, सर्वांस सेकंदास पन्नास आवर्तनें हा एकच फेरा संभाळावा लागतो. त्यांस जोडणारा दोर म्हणजे या वाहिन्या होत.

दोरावरून जोर कसा जातो हें समजण्यासाठीं दुसरा दाखला घेऊं. एकाच कण्यावर समोरासमोर दोन चाकें बसविलीं आहेत, व प्रत्येकाच्या धांवेवर एक-एक खुंटी ठोकून त्या खुंट्या रबरी दोरानें एकमेकींस बांधल्या आहेत, असें समजा. पहिलें चाक आपण फिरवितों, दुसऱ्यावर काम आहे. दोन्ही खुंट्या अगदीं समोरासमोर असतील तर दोरास ओढ नाहीं, व जोरहि पलीकडे जात नाहीं. पहिली खुंटी थोडी पुढें गेली कीं दोर ताणला जातो व दुसरें चाक ओढलें जातें. अंतर जितकें वाढवावें तितका जोर अधिक. पण केवळ पाव फेऱ्यापर्यंत. पाव फेऱ्याच्या पलीकडे खुंटी गेली, तर दोर अधिक ताणला जाऊनहि त्याची ओढ चाकास फिरविण्याऐवजीं कण्याकडे लागूं लागते व उपयोगी जोर उलट घटतो. मग पुढचें चाक मोकळें सुटून धांवूं लागतें व मागचें मागें राहतें. यासच वाहिनीचा तोल सुटणें असें म्हणावें.

दोन वीजकेंद्रांच्या फेऱ्यांमध्यें जें हें अंतर असतें, त्यास कोन म्हणतात. पाव फेरा म्हणजे ९० अंशांचा कोन. तेथें वाहिनी आपली कमाल शक्ति वाहते, पण अगदीं कड्याच्या टोंकावर उभी असते. यामुळें व्यवहारांत कोन सुमारें ३० अंशांच्या आंत ठेवतात. त्या कोनास कमाल शक्तीच्या निम्मी वीज जाते, व उरलेली निम्मी अचानक येणाऱ्या धक्क्यासाठीं राखून ठेवलेली असते. ही राखीव शक्ति वायां गेलेली नव्हे. आपण बियाण्याची कणगी जेवणासाठीं उघडत नाहीं, तसाच हा व्यवहार आहे.

चंद्रपूर ते पडघे: एक हिशेब

आतां या तिन्ही मर्यादा आमच्या जिल्ह्यांतील प्रत्यक्ष उदाहरणास लावून पाहूं. चंद्रपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंतचें वाहिनीचें अंतर सुमारें ७५० किलोमीटर आहे. ४०० किलोव्होल्टच्या नेहमींच्या वाहिनीची अडवणूक दर किलोमीटरास सुमारें एक तृतीयांश ओहम असते. म्हणजे ७५० किलोमीटरांस ती २५० ओहम झाली. कमाल शक्ति काढण्याची ढोबळ रीत अशी: दाबाचा दाबानेंच गुणाकार करावा व त्यास अडवणुकीनें भागावें. चारशें गुणिलें चारशें म्हणजे १,६०,०००. भागिलें २५०, उत्तर ६४० मेगावॉट. ही झाली ९० अंशांवरची कमाल. तिची निम्मी ३२० मेगावॉट. अर्थात् दीड हजार मेगावॉट वीज सुरक्षितपणें न्यावयाची तर अशा पांच वाहिन्या हव्यात, व एखादी बंद पडल्यास राखीव म्हणून सहावी हवी. मध्यें उपकेंद्रें बांधून दाब सावरीत नेल्यास हा आंकडा थोडा सुधारतो, परंतु अडवणूक कांहीं नाहींशी होत नाहीं.

हीच वाहिनी २०० किलोमीटरची असती तर? अडवणूक सुमारें ६७ ओहम, कमाल शक्ति सुमारें २४०० व निम्मी १२०० मेगावॉट. तेथें तोलाची चिंता करण्यापूर्वींच तारेच्या तापण्याची चिंता करावी लागली असती. अंतरानें केवढा फरक पडतो, हें यावरून दिसून येईल.

या अडचणीवर उपाय म्हणून राज्याच्या वीज मंडळानें चंद्रपूर ते पडघे अशी एका दिशेनें वाहणाऱ्या विजेची, म्हणजे डीसी पद्धतीची वाहिनी बांधली. ती १९९९ सालीं सुरू झाली. तिची लांबी ७५२ किलोमीटर, दाब अधिक व उणा पांचशें किलोव्होल्ट, व शक्ति १५०० मेगावॉट आहे. चंद्रपूरच्या टोंकास थायरिस्टर नांवाच्या झडपांनीं पुढें-मागें होणारी वीज एकाच दिशेची करतात, व पडघ्यास ती पुन्हां पूर्ववत् करून मुंबईच्या बाजूस देतात. एका दिशेच्या प्रवाहास सततचा बदल नाहीं, म्हणून चुंबकी अडवणूकहि नाहीं. व दोन टोंकांस पातेंत जुंपण्याचें कारण नसल्यामुळें कोनाचाहि प्रश्न नाहीं. किती वीज सोडावयाची हें झडपा ठरवितात. शिवाय वाहिनीचे दोन ध्रुव स्वतंत्र असल्यानें एक बिघडला तरी दुसऱ्यावरून निम्मी वीज चालू ठेवतां येते. जगांत या पद्धतीची पहिली व्यापारी वाहिनी स्वीडन देशानें १९५४ सालीं गोटलंड बेटासाठीं समुद्रांतून टाकली होती. या पद्धतीचा दोष एकच. दोन्ही टोंकांचीं झडपांचीं केंद्रें फार खर्चाचीं असतात. म्हणून सहा-सातशें किलोमीटरांहून लांबच्या कामासच ती परवडते.

येथें आमच्या जुन्या पेशास अनुसरून जमिनीचाहि हिशेब मांडतों. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीस ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. सहा वाहिन्या दोन-दोन करून तीन रांगांच्या मनोऱ्यांवर नेल्या, तरी पट्टा १३८ मीटरांचा झाला. पांचशें किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीस ५२ मीटर लागतात. म्हणजे दर किलोमीटरास १३.८ हेक्टरांऐवजीं ५.२ हेक्टर. बचत ८.६ हेक्टरांची. साडेसातशें किलोमीटरांवर ही बचत ६,४५० हेक्टर, म्हणजे सुमारें सोळा हजार एकर होते. इतकी शेती व इतकें जंगल तारांच्या सावलीखालीं जाण्यापासून वांचलें. यास्तव वाहिनीची वहनशक्ति हा विषय अभियंत्यांपुरता नसून खातेदारांचाहि आहे, असें आम्ही म्हणतों. आहे त्याच पट्ट्यांतून अधिक वीज नेण्याचे दुसरेहि उपाय आहेत. जुन्या तारा काढून अधिक उष्णता सोसणाऱ्या तारा ओढणें हा एक. व वाहिनीमध्यें कपॅसिटर, म्हणजे धारित्रें, ओवून तिची अडवणूक कमी करणें हा दुसरा. नव्या वाहिनीची मोजणी आपल्या गटांत सुरू झाली, तर हे उपाय जुन्या पट्ट्यांत कां होऊं नयेत, असें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

ज्यांच्या शेतांत मनोरा येणारच आहे त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. केंद्र शासनाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जागेस जमिनीच्या किमतीच्या शेंकडा ८५, व तारांखालील पट्ट्यास शेंकडा १५ पर्यंत भरपाई सांगितली होती. २०२४ सालच्या सूचनांत हें प्रमाण अनुक्रमें शेंकडा २०० व शेंकडा ३० केलें आहे. आपल्या वाहिनीस राज्य शासनाचा कोणता निर्णय लागू आहे, याची तहसिलींत लेखी विचारणा करून मगच पंचनाम्यावर सही करावी. झाडें व उभें पीक यांची नोंद त्याच दिवशीं पंचनाम्यांत यावी. मागाहून ती घालून घेणें फार कठीण जातें.

तोल सुटला म्हणजे काय होतें

मोटेचे दिवस आतां गेले. तथापि वयस्कर वाचकांस आठवत असेल कीं, भरली मोट ओढीत बैल धांवेवरून उतरत असतां मध्येंच नाडा तुटला, तर बैल एकदम पुढें कोसळत. ओढ नाहींशी होते, पण बैलांचा जोर तसाच चालू असतो. वाहिनीवर वीज पडली अगर झाड कोसळून तारेस टेकलें, तर वीजघराच्या यंत्राची गत हीच होते. वीज पुढें जाण्याचा मार्ग क्षणभर बंद होतो, पण वाफेचा जोर मागून चालूच असतो. यंत्र वेग घेऊं लागतें व त्याची खुंटी पाव फेऱ्याकडे सरकूं लागते. बिघडलेली वाहिनी वेळींच तोडली तर यंत्र पुन्हां ठिकाणावर येतें. उशीर झाला तर पात विस्कटते. हा वेळ किती? ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीस सेकंदाचा एक दशांश. पापणी लवण्याच्या आंत हें काम स्वयंचलित रक्षकांस करावें लागतें.

याचें मोठें उदाहरण २०१२ सालीं घडलें. त्या वर्षीं उत्तरेंत पाऊस लांबला होता, व पंजाब-हरियाणांत धानासाठीं पंप अहोरात्र चालू होते. पश्चिमेकडून उत्तरेस जाणाऱ्या वाहिन्या भरून वाहत होत्या व त्यांपैकीं कांहीं दुरुस्तीसाठीं बंद होत्या. ३० जुलैच्या पहांटे २ वाजून ३३ मिनिटांनीं ४०० किलोव्होल्टची बीना–ग्वाल्हेर वाहिनी सुटली. तार तुटली नव्हती, झाडहि टेकलें नव्हतें. प्रवाह अति व दाब कमी, हें पाहून रक्षकयंत्रानें बिघाड समजून ती तोडली, इतकेंच. तिचा भार लांबच्या दुसऱ्या वाटांवर गेला, कोन वाढत गेले, व उत्तरेचें सारें जाळें पातेंतून सुटलें. दुसऱ्या दिवशीं, ३१ जुलैस दुपारीं एकच्या सुमारास पुन्हां तेंच होऊन उत्तर, पूर्व व ईशान्य हीं तिन्ही जाळीं बंद पडलीं. साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशांत अंधार झाला. पश्चिमेचें जाळें वेगळें पडून वांचलें. दक्षिणेचें जाळें त्या वेळीं डीसी पद्धतीच्या दुव्यांनींच इतरांस जोडलेलें होतें, म्हणून तो धक्का तिकडे पोंचला नाहीं.

त्या दुव्यांपैकीं एक आमच्याच जिल्ह्यांत, भद्रावती येथें आहे. १९९७-९८ च्या सुमारास बांधलेल्या या केंद्राची शक्ति एक हजार मेगावॉट आहे. तेथें लांब डीसी वाहिनी नाहीं. एकाच आवारांत एका बाजूस पश्चिमेची वीज एका दिशेची करतात व लगेच दुसऱ्या बाजूस ती पूर्ववत् करून रामगुंडमच्या वाहिन्यांस देतात. दोन शेजाऱ्यांच्या बैलांस एका पातेंत न जुंपतां एकाचें धान्य दुसऱ्यास द्यावें, तसा हा प्रकार आहे. पुढें ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, व दक्षिणहि त्याच पातेंत आली. तेव्हांपासून सारा देश एका फेऱ्यानें चालतो. मदत सर्वांकडून सर्वांस मिळते. तोल संभाळण्याचें कामहि तितकेंच वाढलें आहे.

मग आमच्या पंपास दाब कां नाहीं?

आतां मूळ तक्रारीकडे येऊं. वरील विवेचनावरून दिसेल कीं, मुंबईकडे जाणारी डीसी वाहिनी हा एक बंद नळ आहे. तीस मध्यें कोठेंहि तोटी लावतां येत नाहीं. लावावयाची तर कोट्यवधींचें झडपांचें केंद्र बांधावें लागेल. ती वाहिनी उद्यां बंद केली, तरी कोरचीच्या अगर सिरोंच्याच्या पंपास एक व्होल्टहि अधिक मिळणार नाहीं. कारण आपला पंप तिच्यावर नाहींच. तो ११ किलोव्होल्टच्या लहान वाहिनीवर, तिच्या डीपीवर व तेथून निघालेल्या चार तारांवर आहे. या लहान वाहिनीसहि तेच नियम लागू आहेत. उपकेंद्र दूर, वाहिनी जंगलांतून लांब गेलेली, शेवटीं पंपांची गर्दी. मग शेवटच्या बांधीस पाणी कोठून पोंचणार?

पंपाची एक खोड येथें सांगितली पाहिजे. दिव्यास दाब कमी मिळाला तर तो मंद जळतो. मोटरचें तसें नाहीं. दाब शेंकडा ८० वर आला तर तिचा फिरविण्याचा जोर शेंकडा ६४ वर येतो, आणि काम तर तेवढेंच करावयाचें असतें. म्हणून ती अधिक प्रवाह ओढूं लागते. अधिक प्रवाहानें तारेंत दाब आणखी उतरतो, शेजारची मोटर तोच मार्ग धरते, व शेवटीं कोणाचीच चालत नाहीं. मोठ्या जाळ्यांत ज्यास दाब कोसळणें म्हणतात, तेंच हें लहान प्रमाणांत आपल्या डीपीवर रोज घडतें.

त्यांत स्वयंचलित स्विच भर घालतो. वीज येतांच पंप आपोआप सुरू व्हावा, रात्रीं शेतांत जावें लागूं नये, म्हणून तो बसविलेला असतो. जंगलाच्या कडेस, वाघ-अस्वलाच्या भीतींत राहणाऱ्या शेतकऱ्यास त्याबद्दल दोष देववत नाहीं. पण मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह ओढते. शंभर केव्हीएच्या डीपीवर पंधरा पंप असले, तर ते चालू असतांना ऐंशी केव्हीएच्या आसपास भार होतो. तेच पंधरा एका क्षणीं सुरू झाले तर चारशें. डीपी जळते ती बहुधा या क्षणीं, आणि मग ऐन हंगामांत ती बदलून मिळेपर्यंत धान वाळतें.

आपल्या हातीं काय आहे

पहिला उपाय, प्रत्येक मोटरीस कपॅसिटर लावणें. मोटरीस काम करणाऱ्या विजेखेरीज चुंबक उभा ठेवण्यापुरती एक फिरती वीज लागते. ती दूरच्या उपकेंद्रावरून आणण्याऐवजीं कपॅसिटर ती जागेवरच पुरवितो. पांच अश्वशक्तीच्या मोटरीस दोन केव्हीएआरचा, तीन अश्वशक्तीच्या मोटरीस एक केव्हीएआरचा पुरतो. यानें तारेंतील प्रवाह शेंकडा सोळाच्या आसपास, व तारेंतील नासाडी शेंकडा अठ्ठावीस-तीसपर्यंत कमी होऊं शकते. मात्र एकट्यानें लावून फळ थोडें मिळतें. डीपीवरील सर्वांनीं लावला तर शेवटच्या खातेदारासहि दाब येतो.

दुसरा उपाय, स्वयंचलित स्विच काढणें. अगर तो ठेवावयाचाच असेल तर वेळ लांबविणारें यंत्र जोडून, पंप एकामागून एक मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतरानें सुरू होतील असा क्रम डीपीवरील मंडळींनीं आपसांत ठरविणें. पाण्याची पाळी आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरवीत आलों आहों. विजेची पाळी ठरविणें त्याहून कठीण नाहीं.

तिसरा उपाय मागणीचा. यापुढें अर्ज करतांना "वीज मुंबईस कां देतां" असें न लिहितां चार गोष्टी लिहाव्या: आपल्या गांवची ११ किलोव्होल्टची वाहिनी किती किलोमीटर लांब आहे, तिच्यावर पंप किती आहेत, शेवटच्या पंपावर सकाळीं, दुपारीं व रात्रीं दाब किती मोजला, व सर्वांत जवळचें उपकेंद्र कोठें आहे. लांबी अर्धी झाली तर अडवणूक अर्धी होते, हें आतां आपणांस ठाऊक झालें आहे. म्हणून मागणी नव्या उपकेंद्राची, वाहिनीच्या विभागणीची, अगर एक-दोन पंपांस एक लहान डीपी देण्याच्या पद्धतीची असावी. २०१७ पासून राज्यांत सौर कृषी वाहिनीची योजना आहे. तींत उपकेंद्राजवळच सूर्यापासून वीज काढून ती दिवसां पंपांस देतात. उगम जवळ आला कीं अंतराचा दोष आपोआप कमी होतो व रात्रींचें जागरणहि टळतें. ज्या गांवीं पडीक जागा उपकेंद्राजवळ आहे, तेथील ग्रामपंचायतीनें हा विचार अवश्य करावा.

दाब मोजण्याचें साधन फार महाग नसतें. गांवांतील एखाद्या तारतंत्र्याकडून, अगर औद्योगिक शाळेंत शिकलेल्या मुलाकडून सलग पंधरा दिवसांची नोंद वहींत करवून घ्यावी व त्या वहीची नक्कल अर्जास जोडावी. दप्तरांत आमचें आयुष्य गेलें, त्यावरून सांगतों कीं, नुसत्या तक्रारीच्या कागदावर शेरा मारून तो बाजूस ठेवणें सोपें असतें. आंकड्यांची वही जोडलेल्या अर्जास उत्तर द्यावें लागतें. उन्हाळी धानाची रोवणी होण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं ही नोंद पुरी करून आपल्या संघाकडे पाठवावी, म्हणजे सर्व गांवांचा मिळून एक तक्ता करून तो वरिष्ठांकडे नेतां येईल.